निळ्या काठाचा वाडगा आणि चेर्निरीदची दही-मोहीम

मेंढरांचा वाली जो संत गेओर्गी, तो या लेखनास साह्य असो. रोदोपे पर्वतीं चेर्निरीद म्हणोन गाव, तेथे दह्याचे राज्य कोणे रीतीने चालिले, त्यात शत्रू कोणे वाटेने शिरला, खोटा आळ कोणाचे माथी गेला आणि अखेर फत्ते कोणे हत्याराने जाहली, ही हकीकत मागाहून येणाऱ्या लेकीसुनांस ठाऊक असणे जरूर, सबब जैसे घडले तैसे लिहिले आहे. ज्यास दुधाची कदर नाही त्याने येथूनच माघारे फिरावे, त्याजवर आमचा रोष नाही.

प्रथम वंश. या घराण्यास मूळ पुरुष नाही, मूळ स्त्री आहे. वल्काना बाईसाहेब या कर्त्या, करारी, एका हाती लांडगा हाकून दुसऱ्या हाताने धार काढीत ऐसा त्यांचा लौकिक. त्यांचे अमलात एके हिवाळी मेंढरांस रोग लागून अर्धा कळप गारद जाहला, दूध आटले, आणि जे विरजण घराण्यात पूर्वापार चालत आले होते ते सुकोन मेले. तेव्हा बाईसाहेब डोईस शाल गुंडाळून ओढ्यापलीकडे ग्रोझ्दानाबाईंचे दारी गेल्या. ग्रोझ्दानाबाईंनी एक सवाल न करिता निळ्या काठाचा मातीचा वाडगा विरजणाने भरोन हाती दिला. रिवाज ऐसा की दिले भांडे रिते परत येत नाही, भरोनच येते. वाडगा भरोन परत जावयाचा, इतक्यात ओढ्याकाठच्या कुरणाचे हद्दीवरून दोन्ही घराण्यांत तंटा पेटला, आणि वाडगा राहिला तो राहिलाच. वल्कानांचे मागे सेव्दा बाईसाहेब गादीवर आल्या, त्यांनी वाडग्याचे नाव घेण्यास मनाई केली. सेव्दांचे मागे त्सोंका बाईसाहेब आल्या, त्यांनी तो वरचे फळीवर, निळा काठ भिंतीकडे करोन, आडवा ठेविला. त्सोंकांच्या पोटी दाफिना बाईसाहेब, ज्यांची ही कथा.

दाफिना बाईसाहेब वृद्ध, परंतु कणा ताठ आणि जिव्हा त्याहून ताठ. त्या अंगणात उभ्या राहिल्या म्हणजे कोंबड्याही हुकमाची वाट पाहत. वसंतात संत गेओर्गीचे सणास गावाचा दरबार चर्चपुढील अक्रोडाखाली लांब मेजावर भरे, भाजली कोकरे, फुलांचे हार घातलेल्या दुधाच्या बादल्या, गोल रोट्या यांची रास पडे, आणि मेजाचे शिरोभागी पहिला वाडगा दाफिना बाईसाहेबांचे दह्याचा असे. पाद्री सावा यांनी त्यात चमचा घालावा, मग कुल रयतेने जेवावे, हा कायदा. या मानास तीन पिढ्या कोणी हात लाविला नव्हता.

गत सालीं या राज्यावर आकाश कोसळले. सणाचे जेवण आटोपले, बासरी आणि ढोल सुरू जाहले, नाचाचे कडे फिरू लागले, आणि मग एकाएकी कडे तुटू लागले. प्रथम एक मोहरा पोटावर हात धरोन झुडपांआड गेला, मागून दुसरा गेला, आणि मग फौजेची फौज झुडपांकडे धावली, ते समयी झुडपे पुरली नाहीत. मोठी माणसे ताक-भात न मिळता रकिया नामे फळांची दारू पिऊन कशीबशी सावरली. परंतु बाईसाहेबांची पणती नेव्हेना, वय लहान, प्रकृती कोमल, तीस तापाने घेरले आणि स्मोल्यानच्या इस्पितळात हातास सुई लावून निजवावे लागले. नेव्हेनाची माता रालित्सा ही बाईसाहेबांची नात, प्लोव्दिव्ह शहरी प्रयोगशाळेत चाकरीस. ती तीन दिवस लेकीचे उशाशी बसोन होती.

बाईसाहेबांनी चौकशी न करिता निकाल दिला. मेजावर पहिल्या वाडग्याशेजारी दुसरा वाडगा होता तो ओढ्यापलीकडील स्तामातरावांचा, ग्रोझ्दानाबाईंच्या पणतवाचा. बाईसाहेब पळी उगारोन भर सभेत उभ्या राहिल्या.

"स्तामात, तुझ्या मेंढ्या डबक्यातलं पाणी पितात, सगळ्या गावाला माहीत आहे! लेकरांच्या पोटात घाण घातलीस तू!"

"माझ्या मेंढ्या तुझ्या घरच्यापेक्षा चांगलं पाणी पितात, दाफिना," स्तामातराव बोलले. ते विधुर, सावकाश बोलणारे गृहस्थ. "आणि ती पळी खाली कर. माझ्या म्हातारपणाची नाही, तुझ्या खांद्याची काळजी वाटते."

परंतु बाईसाहेबांचे शब्दापुढे गावात कोणाचे चालावे? ग्रामसभेचा हुकूम सादर जाहला की स्तामातरावांनी घरातील कुल दही, कुल मडकी आणि विरजणसुद्धा चुन्याचे खड्ड्यात ओतावे. स्तामातरावांनी ओतिले. ग्रोझ्दानाबाईंपासून चालत आलेले विरजण पांढऱ्या चुन्यात पांढरे मिसळोन दिसेनासे जाहले, तेव्हा त्यांनी टोपी काढिली आणि मग घातली, इतकेच. तेथपासून ते दुकानचे, प्लास्टिकचे डब्यातील दही खात, आणि हे कुल गाव पाहत असे, आणि कोणी बोलत नसे.

फत्ते जाहली ऐसे बाईसाहेब समजल्या. मग नाताळ आला. नाताळचे पंक्तीस घरचीच माणसे, घरचेच दही, स्तामातरावांचा वाराही नाही, आणि नेव्हेना पुन्हा आजारी पडली. बाईसाहेबांनी हवेवर ठपका ठेविला. रालित्सा लेकीस घेऊन शहरी परतली. वसंत लागताच बाईसाहेबांचा मोबाइल खणाणला, पलीकडे रालित्सा:

"आजी, या सणाला मी नेव्हेनाला आणत नाहीये."

"आणत नाहीस म्हणजे? पहिल्या वाडग्यातला पहिला घास लेकरांचा असतो! माझ्या हातचं दही खाऊन आजवर कुणी मेलंय का?"

"मरायची वाट बघू का मी?"

पलीकडून आवाज बंद जाहला. बाईसाहेब मोबाइल हाती धरोन किती वेळ तैशाच उभ्या होत्या हे कोंबड्यांस ठाऊक. मान गेला असता तर त्यांनी तो दुसऱ्या दिवशी परत जिंकिला असता, परंतु ज्या पणतीस त्यांनी पहिली आंघोळ घातली, तीस आपले हातचा घास वर्ज्य व्हावा, हा घाव निराळा होता. त्यांनी पुन्हा मोबाइल लाविला आणि फर्मान काढिले की पोर आणावयाची नसेल तर न आण, परंतु तू स्वतः ये, तुझे शहरातले जे काय हत्यार असेल ते घेऊन ये, आणि स्तामाताचे घरातील शत्रू मला पकडोन दाखव.

रालित्सा आली ती सणाचे आठवडाभर आधी. हत्याराचे वर्णन ऐसे: काचेचा एक तंतू, केसाहून थोडा जाड, त्याचे टोकास मसुरीचे दाण्याएवढी चकती, मागे काड्यापेटीएवढी पेटी, आणि पेटी मोबाइलला जोडलेली. चकतीवर प्रतिपिंड नामे चौकीदार दाटीवाटीने तैनात केलेले. ज्या एका जातीचे घातक जिवाणू पोटात दंगा करितात, तेवढ्यांचीच ओळख या चौकीदारांस पढवलेली. तंतूमधून उजेडाचा जासूद टोकापर्यंत जातो आणि परत येतो. शत्रू चौकीदाराचे हाती सापडला की जासुदाचा रंग पालटतो, आणि मोबाइलवर जी सरळ रेघ चाललेली असते ती उसळी घेते. दह्यात तर कोट्यवधी जिवाणू घरच्याच फौजेचे, त्यांजवाचून दही लागत नाही. त्यांस चौकीदार सलामसुद्धा करीत नाहीत, तैसेच जाऊ देतात. चांगल्यावाइटाचा ऐसा निवाडा काजीसही न साधावा.

बाईसाहेबांनी चष्मा लावून हत्यार पाहिले.

"एवढंसं? मला वाटलं गाडीत घालून काहीतरी आणशील. हे तर माझ्या कानातल्या डुलापेक्षा लहान आहे."

"आजी, जिवाणू त्याहून लहान असतात."

"लहान असोत नाहीतर मोठे, स्तामातच्या घरी असतील तेवढे पकड म्हणजे झालं."

मग सुमुहूर्त पाहोन, न्याहारी करोन, मोहीम ओढ्यापलीकडे निघाली. पुढे बाईसाहेब काठी घेऊन, मागे रालित्सा तंतू घेऊन. स्तामातरावांचे दारी शारो नामे अस्वलाएवढा श्वान किल्लेदारीवर होता, तो गर्जत आला. बाईसाहेबांनी त्यास नजर दिली, तो शेपूट घालोन खाली बसला. ही या मोहिमेतील पहिली आणि पुष्कळ दिवसपर्यंत एकुलती एक फत्ते.

स्तामातराव ओसरीवर होते. त्यांनी हत्यार पाहिले, मान डोलाविली आणि कॉफीचे भांडे चुलीवर ठेविले. मेंढ्यांचे ताजे दूध, दगडी हौदातील पाणी, धुतलेली मडकी, सर्वांस मसुरीचा दाणा लाविला. एक कॉफी पिऊन होते इतका वेळ लागतो. रेघ सरळच राहिली.

"पुन्हा लाव," बाईसाहेब बोलल्या.

पुन्हा लाविला. रेघ तळ्याचे पाण्यासारखी निश्चल.

"तिसऱ्यांदाही लाव, पोरी," स्तामातराव बोलले, "तोवर मी दुसरी कॉफी ठेवतो. तुझ्या आजीला माझं तोंड सोसत नाही, पण कॉफी सोसते असं दिसतंय."

"कॉफी बरी आहे," बाईसाहेब बोलल्या. "साखर जास्त घालतोस. पहिल्यापासून घालतोस."

तिसऱ्यांदाही शत्रू आढळला नाही. बाईसाहेबांनी परतवाटेवर मनसुबा केला की स्तामात धूर्त आहे, त्याने आधीच सारवासारव केली, सबब शत्रू पळोन गावात दुसरीकडे दडला असावा. मग दुसरे दिवसापासून कुल गाव पालथे घातले. हरएक गोठा, हरएक हौद, हरएक मडके यांस दाणा लागला. लोकांनी प्रथम कुरकुर केली, मग रांग लाविली, कारण शेजाऱ्याचे मडक्यात काय निघते हे पाहण्याची हौस कोणास नसते? कोठेही रेघ हलली नाही. तेव्हा बाईसाहेबांनी हत्यारावरच फितुरीचा आरोप ठेविला की, हे यंत्र झोपाळू आहे, उजेडाचा जासूद वाटेत कोठे तरी रकिया पीत बसतो.

सणाचे आदले दिवशी दुपारी रालित्सा बोलली, "आजी, एकच घर राहिलंय."

बाईसाहेबांची मर्जी खप्पा जाहली. परंतु बोलणारी रालित्सा, आणि तिचे मागे, दूर शहरात, नेव्हेना. त्यांनी पदर खोचिला आणि दार सताड उघडिले. धारेचे दूध तपासले, रेघ सरळ. तापविलेले दूध तपासले, सरळ. मग मांडणीवरील विरजणाचे मडके, जे वल्काना बाईसाहेबांचे काळापासून एक दिवस न मोडता चालत आले, त्याचे झाकण काढिले. रालित्साने दाणा बुडविला. घरच्या फौजेची तेथे नुसती दाटी होती, चौकीदारांनी कोणास हटकिले नाही. रेघ सरळ.

"झालं समाधान?" बाईसाहेबांचा स्वर चढला. "आता उचल तो मोबाइल आणि बोलाव लेकराला. आणि या दाण्याला गटारात टाक."

रालित्सा हसली. तिचे खांद्यावरील ओझे उतरले ऐसे दिसले. ती पेटी आवरू लागली, आणि बाईसाहेब सणाचा वाडगा लावावयास लागल्या. दूध निवले, त्यात करंगळी बुडवून पाहिली, करंगळी सोसू लागली तेव्हा विरजण घातले. आणि मग, जैसे त्सोंका बाईसाहेब करीत, तैसे त्यांनी देवाचे तसबिरीमागून एक हिरवी बाटली काढिली, क्रूसाची खूण केली आणि बाटलीतून तीन थेंब वाडग्यात सोडिले. हे रोज नसे. मोठ्या सणास मात्र असे.

रालित्साचा हात पेटीवरच थांबला.

"आजी, काय घातलंस ते?"

"पाणी."

"कुठलं पाणी?"

"देवाचं. जानेवारीत पाद्रीबुवा नदीत क्रूस टाकून आशीर्वाद देतात, ते. ते कधी नासत नाही."

"मोठ्या सणालाच घालतेस?"

"मग काय रोज घालू? पुरणार कसं?"

"आणि नाही पुरलं तर?"

"संपूच देत नाही! खाली गेलं की विहिरीचं ओतते. एक थेंब देवाचा राहिला की सगळंच देवाचं होतं. ही बाटली माझ्या आईच्या वेळेपासून रिकामी झालेली नाही," बाईसाहेब अभिमानाने बोलल्या.

विहीर मेंढवाड्याचे उतारावर, खालचे अंगास आहे, आणि गत सालीं वाड्याची घाण बर्फाचे पाण्यासह तीत उतरली होती, हे येथे नमूद करणे प्राप्त.

रालित्साने नवा दाणा काढिला आणि बाटलीचे तोंडाशी बुडविला. कॉफी करण्याचे कोणास सुचले नाही. क्षणभर रेघ सरळ गेली, आणि मग ऐशी उसळली की मोबाइलचे काचेबाहेर पडते की काय ऐसे वाटले. चौकीदारांनी एकेकाची गर्दन धरिली होती. ज्या शत्रूस ओढ्यापलीकडे आणि गावभर धुंडाळिले तो गत सालापासून तसबिरीमागे, समईचे उजेडात, सन्मानाने मुक्काम करून होता, आणि सणाचे कोमट दुधात फौज वाढवून स्वारीवर निघत होता.

बाईसाहेब मोबाइलकडे बघत राहिल्या. मग बाटली पदराखाली घेऊन तडक पाद्री सावा यांजकडे गेल्या आणि विचारणा केली की आशीर्वादाचे पाणी नासते काय. पाद्रीबुवा तरुण, गोरेमोरे जाहले.

"खरं सांगू का, दाफिनाआजी? मी स्वतः उकळून पितो. बाहेर बोलू नका."

"पाद्रीबुवा! तुमचा देवावर विश्वास नाही?"

"देवावर आहे. तुमच्या विहिरीवर नाही."

सायंकाळी बाईसाहेब चुलीपुढे बसल्या. सणाचा वाडगा त्यांनी स्वहस्ते चुन्याचे खड्ड्यात ओतिला होता, त्याच खड्ड्यात. रालित्सा जवळ बसोन हळूच बोलली, "मी कुणाला सांगणार नाही, आजी. विहिरीचं पाणी घालू नकोस, बाटली रिकामी कर, बस. नेव्हेनाला मी आणते." तहाची ही कलमे उत्तम होती. गाव काही जाणत नव्हते, हत्यार मुके होते, मान शाबूत राहत होता. परंतु बाईसाहेबांची नजर वरचे फळीवर गेली, जेथे निळ्या काठाचा वाडगा भिंतीकडे तोंड करोन आडवा होता. वल्काना ज्या घरी हात पसरोन गेल्या, त्या घराचे विरजण आपण चुन्यात घालविले, आणि त्याच घरचे विरजण आपले मांडणीवर सुखाने नांदत आहे, याचा हिशेब त्यांनी मनाशी लाविला, आणि तो काही केल्या जुळेना.

"स्टूल आण," त्या बोलल्या.

"पडशील, आजी, मी काढते."

"मी काढणार. ठेवला आमच्या घराण्यानं आहे."

सणाचे प्रातःकाळी चर्चपुढे कुल गाव जमले. बाईसाहेब शिरोभागी उभ्या राहिल्या, आणि त्यांचे पुढे मेज रिते होते. गलका जाहला की पहिला वाडगा कोठे. तेव्हा हुकूम सादर जाहला तो ऐसा: गत सालचा शत्रू स्तामाताचे घरी नव्हता, दाफिनाचे घरी होता, दाफिनाचे बाटलीत होता, आणि दाफिनाचेच हाताने वाडग्यात गेला, ज्यांची पोटे दुखली त्यांनी दाफिनास बोलावे, स्तामाताचे नाव घेतल्यास पळी अजून घरी आहे. मागून एकच म्हातारी पुटपुटली, "म्हणजे झुडपाआड आम्ही तुझ्यामुळं गेलो होय गं?" बाईसाहेबांनी मान तुकविली. चेर्निरीदचे इतिहासात ती मान खाली जाताना कोणी प्रथमच पाहिली.

मग त्यांनी निळ्या काठाचा वाडगा विरजणाने काठोकाठ भरिला, वर स्वच्छ फडके बांधिले, आणि ओढ्याकडे चालू लागल्या. तेव्हा बायकांनी एकच आकांत मांडिला, कारण या सणाचे दिवशी विरजण घराबाहेर देणे म्हणजे घरची बरकत हाताने घालविणे, हे त्या मुलखात तान्हे मूलही जाणते.

"दाफिनाआजी, आज नको! उद्या द्या! बरकत जाईल घरातून!"

बाईसाहेब वळल्या नाहीत.

"जाऊ दे. तिथलीच आहे ती."

स्तामातराव दारात उभे होते. शारोने उठोन वाट दिली. स्तामातरावांनी वाडगा दोन्ही हातांत घेतला, निळ्या काठावरून अंगठा फिरविला, एके जागी टवका गेला होता तेथे थांबले.

"उशीर केलास, दाफिना."

"मध्ये ओढा होता."

"गुडघाभर पाणी आहे त्याला."

"आता कळलं," बाईसाहेब बोलल्या. "कॉफी ठेव. साखर तुझ्या मनाने घाल."

स्तामातरावांनी सकाळचे दूध तापविले, निवविले, करंगळी बुडविली, आणि त्या विरजणाने दही लाविले. वाडगा लोकरी कांबळ्यात गुंडाळोन दोघे वृद्ध त्याचे दोहो बाजूंस पहारा करीत बसले, आणि कुरणाचे हद्दीवरून एकदा भांडले. मेंढीचे दूध, दही लवकर लागले. दुपार कलता मेजाचे शिरोभागी पहिला वाडगा आला तो स्तामातरावांचा. रालित्साने मसुरीचा दाणा लाविला, आणि कुल गाव श्वास रोधोन मोबाइलकडे पाहू लागले. रेघ सरळ राहिली. पाद्री सावांनी आशीर्वाद दिला, तो केवळ शब्दांनी. मग शहराकडील गाडी येऊन थांबली, बापाचे बोट धरोन नेव्हेना उतरली, पणजीचे मांडीवर बसली, आणि बाईसाहेबांनी आपले हाताने तीस पहिला घास भरविला.

"पणजी, हे तुझं दही आहे?" नेव्हेनाने पुशिले.

"नाही. स्तामातआजोबांचं आहे," बाईसाहेब बोलल्या. "आपण फक्त सांभाळलं होतं."

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. शत्रू जेर होऊन बाटलीसह उकळत्या पाण्यात बुडाला, तसबिरीमागे आता नवी बाटली आहे, तीतील पाणी डोईस लाविले जाते, दुधास नाही. हत्यार प्लोव्दिव्हास परत गेले, त्यास खिल्लत म्हणोन बाईसाहेबांनी कानातील एक डूल देऊ केले होते, रालित्साने ते घेतले नाही. पहिल्या वाडग्याचा मान त्या सालापासून ओढ्याचे दोहो तीरांवर आळीपाळीने जातो. आणि वल्काना बाईसाहेबांनी ग्रोझ्दानाबाईंचे दाराहून जो वाडगा भरोन आणिला, तो त्यांचे पणतीचे हाताने, भर सणाचे दिवशी, बरकतीसह, भरोन परत गेला. त्या घराचे या घराकडे आता काही राहिले नाही.